पहारेकऱ्याला आत कोण घेणार?

माझी वहिनी बिघाडावर खूश होते. मिक्सर बंद पडला की दादाच्या कपाळावर आठ्या आणि हिच्या डोळ्यांत चमक. "थांबा हो, लगेच नवा आणू नका. का बंद पडला ते तर बघू!" मग कधी तो दुरुस्त होतो, कधी नुसतेच चार स्क्रू उरतात. मी वरच्या मजल्यावर शिवणकाम करते. ते स्क्रू माझ्या बटणांच्या डब्यात येऊन पडतात.

नोकरीही तिला साजेशीच आहे. रुग्णालयाच्या रक्तपेढीत कुठल्या गटाचं किती रक्त शिल्लक आहे, हे सांगणारा, जावा या संगणकभाषेत लिहिलेला प्रोग्रॅम ती आणि तिचे सहकारी सांभाळतात. यंदा त्यांचे प्रमुख निवृत्त होणार होते आणि ती खुर्ची वहिनीचीच, असं सगळे धरून चालले होते. दादाने तर नातेवाइकांना सांगूनही टाकलं होतं.

तेवढ्यात नवा सर्व्हर आला. जुन्यावर वर्षानुवर्षं निमूट चालणारा प्रोग्रॅम त्यावर सुरूच होईना. जुनं यंत्र कधीही मान टाकेल अशा अवस्थेत, म्हणून सगळ्यांच्या जिवाला घोर. रुग्णालयाच्या मोठ्या साहेबांनी खापर सर्व्हर पुरवणाऱ्या कंपनीवर फोडलं. वहिनी मात्र जेवताना घास हातात धरून शून्यात बघायची. दादा म्हणायचा, "अगं, तो घास तरी आत जाऊ दे."

रविवारी दुपारी ती धडधडत जिना चढून आली.

"अगं, सापडलं!"

"मला काय कळणार त्यातलं?"

"कळेल. प्रोग्रॅमचे तुकडे असतात, त्यांना क्लास म्हणतात. ज्याची गरज पडेल तो तेव्हा आत आणायचा. मी मागे नियम केला, कुठलाही तुकडा आत घेण्याआधी पहारेकऱ्याला विचारायचं. आणि पहारेकरी हाही एक तुकडाच!"

मी मशीन थांबवलं. "मग त्यालाच आत घ्यायचं असेल तर?"

"पहारेकऱ्याला विचारा! तो कुठाय? बाहेर. मग त्याला आत आणा. त्यासाठी विचारायचं कुणाला? पहारेकऱ्याला!" ती टाळी वाजवून हसली. "बिचारा प्रोग्रॅम गोल गोल फिरत बसतो आणि दम लागून पडतो."

"मग जुन्यावर कसं चालत होतं?"

"तिथे नियम लागू व्हायच्या आधीच तो दुसऱ्या कुठल्या कामासाठी आत आलेला असायचा. निव्वळ नशीब! नव्यावर तुकडे यायचा क्रम बदलला आणि बिंग फुटलं. आता त्याला आधी आत बसवायचं, मग नियम लावायचा. संपलं."

माझं लक्ष भलत्याच शब्दावर अडकलं होतं. "वहिनी, नियम तू केलास म्हणालीस?"

"हो ना. काखेत कळसा नि गावाला वळसा."

"गुपचूप दुरुस्त करून टाक की. कुणाला पत्ताही लागणार नाही. खुर्चीचा तरी विचार कर."

ती माझा खडू घेऊन कापडावरच गोल काढायला लागली. तो मी तिच्या हातून हिसकावून घेतला.

दुसऱ्या दिवशी बैठकीत तिने तोच गोल फळ्यावर काढला. कंपनीचा माणूस ताठ होऊन बसला. साहेबांनी विचारलं, "हा नियम केला कुणी?" बाण काढता काढता, मागे वळूनही न बघता ही म्हणाली, "मीच की." संध्याकाळपर्यंत प्रोग्रॅम नव्या सर्व्हरवर चालू झाला. महिन्याअखेर खुर्ची दुसऱ्याला मिळाली.

दादा भडकला. "हात दाखवून अवलक्षण! गुपचूप दुरुस्त करून टाकलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

मलाही तिचा राग आला होता आणि खरं सांगायचं तर अभिमानही वाटत होता. वहिनी काही संत नाही. खुर्ची तिला हवी होती आणि तिचे डोळे भरून आले होते. नाक पुसत ती म्हणाली, "अहो, पण मग ते सापडलं कसं, हे चारचौघांत कधीच सांगता आलं नसतं ना मला!"