तिच्याकडे चेंडू का देत नाहीत

सासरे न्युरेम्बर्गला आले त्या उन्हाळ्यात आमचा संघ फार हळू खेळत होता. आमचा म्हणजे माझ्या बायकोचा. मेलबर्नला मास्टर्स करताना तिला ऑस्ट्रेलियन फुटबॉलची लागण झाली, आणि इथे पीएचडीला आल्यावर तिनं राहायला खोली शोधायच्या आधी खेळायला संघ शोधला. मी इथल्या एका कंपनीत गिअरबॉक्सच्या टेस्टिंगला आहे. आमचं जमलं इथेच, लग्न कोल्हापुरात झालं. लग्न ठरतानाच तिनं बजावलं होतं, "शनिवारी मी घरात नसते हं."

तेव्हापासून शनिवारी मीही घरात नसतो. मैदानाच्या कडेला असतो.

हा खेळ मला समजायला एक अख्खा सीझन लागला. लंबगोल चेंडू, तो लाथेनं उडवायचा किंवा मुठीनं ठोसून द्यायचा. लांबून आलेली किक हवेतल्या हवेत झेलली की त्याला मार्क म्हणतात. मार्क घेणाऱ्याला कुणी हात लावायचा नाही, त्यानं निवांत पुढची किक मारायची. तिकडे अवाढव्य मैदानावर अठरा-अठरा जण खेळतात. इथे रग्बीचं मैदान भाड्यानं घेऊन नऊ-नऊ जण. आमच्यासारख्या लहान संघांत बाया-पुरुष एकत्रच खेळतात, कारण वेगवेगळे संघ करण्याएवढी माणसंच नसतात.

आदल्या वर्षी आमची माणसं मार्क घेतला की थांबत नसत. झेलला की पळायचं, पळता पळता पुढच्याला द्यायचा. समोरचे सावरायच्या आत गोल. या वर्षी मात्र झेलायचा, चार पावलं मागे जायचं, उजवीकडे बघायचं, डावीकडे बघायचं, आणि मग आडवा आपल्याच माणसाला द्यायचा. तोही तसाच थांबायचा. तोवर समोरचे लांबच्या नात्यातल्या लग्नाला आल्यासारखे सावकाश येऊन आपापल्या जागी उभे राहायचे.

बघणारे आम्ही वीस-एक जण, पण वैतागलो होतो. शेजारच्या फ्युर्थला राहणारा एक म्हातारा ऑस्ट्रेलियन होता, जर्मन बायकोपायी इकडे स्थायिक झालेला. तो घडीची खुर्ची घेऊन यायचा आणि पहिल्या मिनिटापासून ओरडायचा, "मूव्ह इट! अरे, हलवा तो चेंडू!" एका सामन्यात तर तिसऱ्या क्वार्टरला त्यानं खुर्ची फिरवली आणि मैदानाकडे पाठ करून बसला. काय चाललंय ते त्याची बायको त्याला सांगत होती. "आडवा दिला," ती म्हणायची. "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं तो म्हणायचा, "आणखी काय देणार."

सासरे आले आणि त्याच शनिवारी मैदानावर आले. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, पण त्यांची खरी ओळख वेगळी. तरुणपणी ते आपल्या पेठेच्या तालमीकडून फुटबॉल खेळायचे, डाव्या बॅकला. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय हे बाहेरच्यांना कळत नाही. सामन्याच्या दिवशी दोन पेठांमधले व्याहीसुद्धा एकमेकांशी बोलत नाहीत. लेक परदेशात चेंडू खेळते याचं त्यांना कोण कौतुक. त्यांनी पहिला हाफ बारकाईनं पाहिला. मग हळूच माझ्याजवळ सरकले.

"जावईबापू, एक विचारू? राग मानू नका."

"विचारा की, बाबा."

"ही माणसं हिला चेंडू का देत नाहीत?"

मी म्हटलं, "सगळेच हळू खेळतायत या वर्षी."

"हळू खेळत्यात ते बघितलं मी. पण का हळू खेळत्यात? ती बघा, त्या कडेला मोकळी उभी आहे, हात वर करून. ज्याच्याकडे चेंडू आहे तो तिच्याकडे बघतोय. बघतोय की नाही? आणि आता बघा, मागं देणार."

त्यानं मागे दिला.

"खेळ मला कळत नाही," सासरे म्हणाले, "पण माणूस कळतो. आमचा एक गडी एकदा समोरच्या पेठेला फुटला होता. त्याचे पण पाय असेच जड झाले होते."

त्या दिवसापासून मला दुसरं काही दिसेना. मार्क झाला की मी चेंडूकडे बघायचंच सोडलं; चेंडूवाल्याच्या डोळ्यांकडे बघायला लागलो. ते बरोबर तिच्यावर जायचे, क्षणभर थांबायचे आणि परत यायचे. कॅप्टन असो, स्वतःही खेळणारा कोच असो, सगळ्यांचं तेच. संघाचा वेग तिथेच मरत होता, तिच्याकडे बघून न देण्यात.

मग इतर गोष्टीही दिसू लागल्या. सरावानंतर तिला घ्यायला गेलो तर घोळक्यातलं बोलणं मी जवळ येताच बंद झालं, आणि कॅप्टन जरा जास्तच मोठ्यानं "हॅलो!" म्हणाला. हा कॅप्टन इथलाच, फ्रँकोनियन, उंच, अबोल, सुतारकाम करणारा. कोच ॲडलेडचा, शाळेत इंग्रजी शिकवतो. सामन्याआधी तो तिला बाजूला घेऊन काहीतरी सांगायचा आणि ती मान हलवायची. कॅप्टनच्या मैत्रिणीला मी सहज विचारल्यासारखं विचारलं, की या वर्षी एवढे हळू का? "आल्झो," ती 'म्हणजे बघ' अशा अर्थानं म्हणाली, "स्ट्रॅटेजी असेल," आणि बॅगेत काहीतरी शोधायला लागली. बराच वेळ शोधत होती. काही निघालं नाही.

माझ्या संशयाला जुनं खत होतं. घर शोधत होतो तेव्हा फोनवर आडनाव सांगितलं की ते घर नेमकं नुकतंच गेलेलं असायचं. कुणी वाकडा शब्द बोललं नाही, कधीच नाही. सगळे अगदी नम्र. इथे अशा गोष्टींत संशयाला भरपूर जागा असते, पुराव्याला नसते. ऑफिसात माझ्या बाबतीत असं काही झालं की मी सोडून देत आलोय. पण हे तिच्या बाबतीत, आणि तेही शनिवारी, एवढ्या हौसेनं ती जिथे जाते तिथे.

रात्रीची भांडी घासताना मी विचारलं, "तुला ते चेंडू का देत नाहीत?"

"कोण?"

"सगळे."

"काहीही काय! मी डिकॉय असते. मी हात वर केला की त्यांचा एक माणूस माझ्याजवळ अडकून पडतो. स्ट्रॅटेजी आहे ती."

उत्तर बरोबर होतं. फक्त फार तयार होतं. आणि पुन्हा तोच शब्द, स्ट्रॅटेजी. बैठकीतून सासऱ्यांनी आमचं बोलणं ऐकलं असणार, कारण मी बाहेर आलो तेव्हा त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केलेला होता. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

म्युनिकच्या संघाशी घरचा सामना होता, त्या दिवशी ऊन कडक होतं. आमच्याकडे बदली खेळाडू एकही नव्हता, बरोबर नऊच होते. हाफ टाइमला आम्ही बरेच मागे पडलो होतो. म्हातारा ऑस्ट्रेलियन ओरडून ओरडून घसा बसल्यामुळे गप्प होता. मी कलिंगडाच्या फोडी वाटत होतो, तेवढ्यात सासरे माझ्या शेजारून निघाले आणि सरळ संघाच्या घोळक्यात शिरले. मी "बाबा, अहो बाबा" करत मागे धावलो.

ते कॅप्टनसमोर उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा इंग्रजीत म्हणाले, "माझ्या मुलीला तुम्ही चेंडू का देत नाही? ती बाई आहे म्हणून? की भारतीय आहे म्हणून?"

कॅप्टनचं तोंड लालबुंद झालं, मग पांढरं पडलं. कोचनं माझ्या बायकोकडे पाहिलं. मला ते स्पष्ट आठवतं, कारण मी तोवर ठरवून टाकलं होतं की आता हे लोक उत्तर शोधणार. पण ते उत्तर शोधत नव्हते. तिच्या परवानगीची वाट बघत होते.

"तिलाच विचारा," कोच शेवटी म्हणाला.

"बाबा," ती मराठीत म्हणाली, "चला. तिकडे सावलीत बसा बघू."

"अगं पण—"

"बाबा, प्लीज."

तिनं नकारार्थी मान हलवली, कोचकडे बघून. मला वाटलं ती बापावर चिडली आहे. आम्ही दोघं सावलीत येऊन उभे राहिलो. सासरे म्हणाले, "बघितलंत? एकाला उत्तर देता आलं नाही." आणि खरं सांगतो, मला त्यांचा अभिमान वाटला.

शेवटचा क्वार्टर. कॅप्टननं मार्क घेतला. आता ठरल्याप्रमाणे मागे जाणार, उजवीकडे, डावीकडे. बायको पलीकडच्या कडेला मोकळी, हात वर. कॅप्टननं तिच्याकडे पाहिलं. मग आमच्याकडे पाहिलं, सासऱ्यांकडे. आणि किक मारली, तिच्याकडे.

छान किक होती, हळुवार, छातीच्या उंचीची. तिनं ती झेलली. म्हातारा ऑस्ट्रेलियन उठून उभा राहिला. सासरे ओरडले, "शाब्बास, पोरी! पळ!" आणि ती पळाली. सवयीनंच पळाली असणार, कारण थांबली असती तर तिला कुणी हात लावू शकलं नसतं. मागून म्युनिकची एक मुलगी आली, तिनं कमरेला मिठी मारून तिला खाली घेतलं. नियमात बसणारं, साधं पाडणं. दर शनिवारी दहादा होतं तसं.

ती उठली नाही. उजवा हात विचित्र कोनात अंगाशी धरून बसून राहिली. ओरडली नाही. आमच्या संघातले आठही जण एकदम धावले, आणि त्यातल्या एकानंही "काय झालं?" असं विचारलं नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

"खांदा," कोच म्हणाला. "पुन्हा."

पुन्हा?

हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत बराच वेळ बसावं लागलं. खांदा जागेवर बसवला, फोटो काढले, हात गळ्यात अडकवला. मग तिनं सांगितलं. वसंतात सरावाच्या वेळी खांदा निसटला होता. डॉक्टरनं खेळू नकोस म्हणून बजावलं होतं. ती बाहेर बसली असती तर संघात आठच उरले असते आणि लीगमधून नाव काढून घ्यावं लागलं असतं. म्हणून तिनंच सगळ्यांना सांगितलं, मी मैदानात उभी राहते, हात वर करते, पण माझ्याकडे चेंडू द्यायचा नाही. आणि कुणाला सांगायचं नाही. त्यांच्या खेळातली एक अख्खी बाजू त्यामुळे बंद झाली. मार्क घेतला की ती सोडून दुसरं कोण मोकळं आहे ते शोधण्यात वेळ जायचा.

"तो म्हातारा ऑस्ट्रेलियन? त्यालाही माहीत होतं?" मी विचारलं. का कोण जाणे, मला आधी तेच विचारावंसं वाटलं.

"छे! त्याला कळलं असतं तर म्युनिकपर्यंत ऐकू गेलं असतं."

सासरे भिंतीकडे बघत होते. "मला सांगायचं नाहीस?"

"तुम्ही खेळू दिलं असतंत?"

"नसतं."

"मग."

मी म्हटलं, "आणि मला?"

"तू बाबांना सांगितलं असतंस."

"बाबा तर नंतर आले."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे. या प्रश्नाला तयार उत्तर नव्हतं तिच्याकडे, आणि नसलेलंच बरं असं मला वाटलं.

बाहेर कॅप्टन बसला होता, मळक्या जर्सीतच. सासरे त्याच्याजवळ गेले. मला वाटलं आता पुन्हा काय. पण ते म्हणाले, "मी चुकीचा विचार केला." कॅप्टन उठून उभा राहिला आणि अडखळत म्हणाला, "नाही, तुम्ही बरोबर पाहिलंत. आम्ही लपवतच होतो." मग म्हणाला, "मी द्यायला नको होता चेंडू. पण मला वाटलं सगळे माझ्याकडेच बघतायत." सासऱ्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो खूप उंच असल्यामुळे हात कमरेच्या जरा वर पोचला.

सीझन पुरा करायला आमच्या संघानं म्युनिककडून एक माणूस उसना घेतला. तो वाऱ्यासारखा पळायचा, चेंडू कुठेही थांबत नसे, आणि आम्ही आधीपेक्षा मोठ्या फरकानं हरत होतो. म्हातारा ऑस्ट्रेलियन मात्र खूश होता. सासरे परत गेले. कोल्हापुरात ते ही गोष्ट कशी सांगतात ते मला मेव्हण्याकडून कळलं: त्यात कॅप्टन भला माणूस आहे, लेक वाघीण आहे, आणि जावई तीन महिने आंधळा होता.

बायकोचं ऑपरेशन शरद ऋतूत झालं. नीट झालं. आता डॉक्टरची परवानगी येईपर्यंत ती सरावाला नुसती बघायला जाते, असं म्हणते. गेल्या मंगळवारी परत आली तेव्हा पँटच्या दोन्ही गुडघ्यांना चिखल होता.

"घसरले पार्किंगमध्ये," तिनं मी विचारायच्या आधीच सांगितलं.

आठवडाभर पाऊस नव्हता, आणि पाणी मारतात ते फक्त मैदानावर.

"लागलं नाही ना?"

"नाही रे."

मी पँट मशीनमध्ये टाकली. कॅप्टनला फोन करावा असं मनात आलं. केला नाही. त्यानं काही सांगितलं नसतंच.