भुकेचं गवत

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी वसईची, वीस वर्षं नर्स आहे... मेलेली माणसं पाहून माझं जेवण कधी चुकलं नाही.

गेल्या नोव्हेंबरात मी बहारीनला, जनाबिया भागातल्या बंगल्यांच्या एका कंपाउंडमध्ये नोरा नावाच्या आयरिश आजींकडे ड्युटीला होते. मुलगा मायकल शिक्षक. स्ट्रोकमुळे आजींना गिळता येत नव्हतं, सगळं नाकातल्या नळीतून. पण बोलायच्या भरपूर. चार वाजता व्हीलचेअर मागच्या हिरवळीवर नेली की गावच्या गोष्टी सुरू.

त्यांच्या पणजीच्या काळात बटाट्याचं पीक कुजलं, गावंच्या गावं उपाशी मेली. एक बाई लेकराला घेऊन पणजीच्या दारात आली. घरात चारच बटाटे — दार उघडलं नाही. सकाळी दोघं शेतात मेलेली सापडली, तोंडात गवत. तिथल्या गवतावर पाय पडला तर भरल्या पोटीही जीवघेणी भूक लागते म्हणे, म्हणून लोक खिशात भाकरीचा तुकडा ठेवून फिरत. मी म्हटलं, आमच्याकडे चकवा लागतो तसंच हे. आणि हसले.

एका गुरुवारी मायकलसाठी बटाटे उकडत होते. वासाने आजी म्हणाल्या, "सिस्टर, एकच दे. मीठ लावून."

मी म्हटलं, घशात अडकेल, डॉक्टरांची मनाई आहे. त्यांनी तीनदा मागितला. वासाचा त्रास नको म्हणून मी किचनचं दार लावून घेतलं. संध्याकाळच्या आत त्या गेल्या.

आठवड्याने माझे युनिफॉर्म आणायला त्यांच्या घरी गेले. खोलीवरून भात-कालवण पोटभर जेवून निघाले होते. हिरवळीवर, त्यांची खुर्ची असायची तिथे पाय पडला आणि पोटात खड्डाच पडला. मी गुडघ्यांवर बसून गवत उपटून तोंडात कोंबत होते... लिहितानाही लाज वाटते. मायकल धावत खुबूस, म्हणजे तिकडची रोटी, घेऊन आला. दोन घास खाल्ले आणि भूक खलास. शुगर तपासली, नॉर्मल.

मग त्याने विचारलं, आई शेवटचं काय बोलली? मी सांगितलं. त्याने उरलेला खुबूस खाली ठेवला.

"डॉक्टर बुधवारीच म्हणाले होते, आता मागेल ते द्या. तुम्हाला सांगायचं माझ्याकडून राहून गेलं."

आम्ही दोघं तिथेच बसून रडलो.

मैत्रिणी म्हणतात, मनाला टोचणी लागली असणार, म्हणून तसं झालं. पण तोवर मला वाटत होतं की मी माझी ड्युटी चोख केली. टोचणी लागली ती त्याने सांगितल्यावर. भूक त्याच्या आधीच लागली होती... ती कुठून आली, मला अजून सांगता येत नाही.