उसनं हेल्मेट

मी गाडी चालवतो. शाळा सातवीतच सोडली, पण रस्ते पाठ आहेत. आमच्या व्हॅनवर दोन्ही बाजूंनी ढब्बू अक्षरांत लिहिलंय : ‘गरीब पालकांसाठी मोफत सेवा’. ज्याला हे सुचलं ना, त्याला एकदा आत बसवून गावभर फिरवायला पाहिजे.

दर रविवारी मी खेड्यांतल्या बापांना शहरातल्या वसतिगृहावर नेतो, पोरांना भेटायला. त्यातले एक गिलावेवाले काका. भिंत अशी गुळगुळीत करतात की माशी घसरेल. पण व्हॅनमध्ये चढायचे चोरासारखे. वसतिगृहाच्या अलीकडे वळणावरच उतरायचे, माझं हेल्मेट काखेत मारायचे आणि मोटारसायकल लावून आल्यासारखे ऐटीत आत.

“काका, हेल्मेटला चाकं फुटणार आहेत का कधी?”

“गप रे. माझ्या पोरीच्या मैत्रिणींचे बाप कसे येतात बघितलंस?”

मी चिडवायचो, पण हेल्मेट आणायला विसरायचो नाही. माझ्या माणसाला कोणी हसलेलं मला खपत नाही.

एका रविवारी पोरगी हटूनच बसली. दुसरीतली चिमुरडी. “बाबा, आज गाडीवर चक्कर!” त्यांना ओढत वळणापर्यंत आली, मागे मैत्रिणी. तिथं फक्त मी आणि व्हॅन.

“गाडी गॅरेजला टाकलीय,” मी ठोकून दिलं. “म्हणून मी आणलं त्यांना.”

पोरीचं लक्षच नव्हतं. नुकतीच वाचायला शिकलेली, बोट लावून मोठ्यानं सुरू झाली, “ग-री-ब... पा-ल-कां...” पुढचं मैत्रिणींनी एका सुरात वाचलं. कोणी हसलं नाही. हसल्या असत्या तर निदान खेकसता आलं असतं.

काका जमिनीकडे बघत म्हणाले, “गाडी नाहीये गं माझ्याकडे. कधीच नव्हती.”

“मग हे हेल्मेट?”

“ह्याचं आहे.”

पोरगी म्हणाली, “पुढच्या रविवारी येशील ना पण?”

काकांनी हेल्मेट माझ्या हातात कोंबलं.

पुढच्या रविवारी त्यांचं दार बंद. मी हॉर्न दाबूनच धरला. सगळी गल्ली बाहेर आली, तेव्हा कुठे आले. मी हेल्मेट पुढे केलं, त्यांनी मागे सारलं.

वळणावर मी ब्रेकवर पाय ठेवला.

“पुढे घे,” ते म्हणाले. “फाटकाशी.”

उतरले. मान खाली, कान लाल. पोरगी फाटकातच उभी होती, मैत्रिणींसकट. मी गाडी पटकन वळवून उभी करणार होतो, पण काय उपयोग? दोन्हीकडे तेच लिहिलंय.