गंगेवर मी गेले नाही

गेल्या आठवड्यात नाटकवाल्या पोरांचा फोन आला. राजाने बंदी घातली तरी बहीण भावाला मूठमाती देते, ती जुनी ग्रीक शोकांतिका आहे ना, तिच्यावर त्यांना सिनेमा करायचाय. सगळं मालेगावच्या यंत्रमागांत घडणार, राजा म्हणजे कारखान्याचा शेठ. "मॅडम, तुम्ही स्टेजवर ती बहीण केली होती, आम्हाला जरा शिकवा." म्हटलं, बाबांनो, मला सोडा. आणि फोन ठेवून दिला.

केली होती, हे खरंय. आमच्या हौशी मंडळींनी ते नाटक पार नाशिकचं करून टाकलं होतं. राजाच्या जागी घरातला थोरला काका. त्याचा हुकूम काय, तर पळून लग्न केलेल्या पोराचा दहावा कुणी घालायचा नाही. आणि मी, त्याची बहीण, पदर खोचून गंगेवर जाते, सगळ्यांदेखत पिंड ठेवते. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. टाळ्या काय पडायच्या! लोकांना वाटायचं, काय धीट बाई आहे. मलाही तसंच वाटायचं, मेलीला.

गोष्ट आमच्याच घरातून उचललेली होती. माझ्या धाकट्या भावाने जातीबाहेर लग्न केलं, तेव्हा काकांनी अख्ख्या घराला त्याच्या नावाने आंघोळ करायला लावली होती. जिवंत माणसाच्या नावाने! तो एकलहऱ्याला राहायला गेला, वीज केंद्रात कंत्राटी कामाला लागला. नाटकाला मात्र बायकोला घेऊन आला. नंतर रंगपटात येऊन म्हणाला, "तायडे, लय भारी. काकांना एक पास पाठव की!" आम्ही पोट धरधरून हसलो.

दोन वर्षांनी त्याला कावीळ झाली आणि आठ दिवसांत तो गेला. छत्तीस वर्षांचा होता. काका म्हणाले, "त्याची आंघोळ कधीच झालीय. आता पुन्हा सुतक कसलं? कुणी जायचं नाही." माझ्या मुलीचं लग्न काकांनीच जमवलं होतं, साखरपुडा पंधरा दिवसांवर आलेला.

दहाव्याच्या सकाळी साडी नेसून तयार झाले. चपला घातल्या, परत काढल्या. नवरा म्हणाला, "जाऊन ये हवं तर, मी बघतो काकांचं." म्हणजे मला कुणी बांधून ठेवलं नव्हतं. मी भित्री आहे, बाकी काही नाही. साखरपुड्याचे लाडू करायचे होते. मी रवा भाजत बसले.

वर्षभराने भावजय भाजीबाजारात समोर आली. मी तोंड चुकवायला गेले, तर तिनेच हात धरला. चार शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं. पण ती साधेपणाने सांगत राहिली.

"त्या दिवशी कावळा शिवेना, ताई. माणसं म्हणाली, जीव कशाततरी अडकलाय, शब्द द्या. पोरीला शिकवीन म्हटलं, दुसरं लग्न करणार नाही म्हटलं. तरी नाही. गुरुजी म्हणाले, दर्भाचा कावळा करून लावू पिंडाला, उरकून घेऊ. मी त्यांना दीड वाजेपर्यंत थांबवून धरलं. म्हटलं, ह्यांच्या ताई येतील. मी त्यांना नाटकात पाहिलंय."