तिरफळ न शिवलेली जीभ

शिउजूने जन्मात पहिल्यांदा पोटभर तिरफळ खाल्लं, आणि नेमक्या त्याच दुपारी गावातल्या एका घराला तिची जीभ हवी झाली.

फूनदीकाठचं ते गाव म्हणजे फूत्सचं माहेर. फूत्स म्हणजे बचनागाच्या कुळातला कंद. वर जांभळ्या फुलांचे तुरे, खाली मातीत आईकंद आणि त्याला चिकटलेली काळी पिल्लं. कच्चा खाल्ला तर माणूस आडवा. तोच खाराच्या पाण्यात मुरवला, उकडला, सोलून चकत्या करून वाफवला, आणि पाजण्याआधी पुन्हा मंद आचेवर उकळत ठेवला, तर गार पडत चाललेल्या माणसाच्या हातापायांत ऊब परतते. मधली सीमा कुठली? ती जिभेवर कळते. विष शिल्लक असेल तर जीभ बधिरते, मुंग्या येतात. मुंग्या थांबल्या की औषध.

गावच्या कारखान्यात ही सीमा राखायचं काम शिउजूचं. पोरवयात म्हाताऱ्या उस्तादाने तिच्या जिभेच्या शेंड्यावर चकतीचा कण ठेवला होता. "घाबरू नकोस. ओळख करून घे," तो म्हणाला होता. जीभ सुन्न झाली, ओठ सुन्न झाले, आणि मग हळूहळू सगळं परत आलं. मरण दाराशी येऊन, नाव विचारून परत गेल्यासारखं. त्या दिवसापासून तिने या कंदाला पाय कधी लावला नाही.

पण त्याची किंमत होती तिरफळ. तिरफळानेही जीभ बधिरते ना! जिथे तिरफळाशिवाय भाजीला भाजी म्हणत नाहीत, तिथे शिउजू लग्नाच्या पंगतीतसुद्धा वेगळ्या वाटीतलं फिकं जेवायची.

परवा कारखान्याने तिला निवृत्तीचा निरोप दिला. नव्या मुली तयार झाल्या होत्या. म्हणून आज नणंदेने, क्वेईफांगने, टोफू केला होता. वर तेलात तडतडलेलं तिरफळ, मूठभर.

"खा वहिनी! आता कोणाच्या बापाची भीती?"

शिउजूने घास घेतला. डोळे विस्फारले. "अगं बाई! तोंडात वीज नाचतेय!"

"एवढी वर्षं आम्ही हेच खात होतो."

"आणि मला सांगत होतात, काही विशेष नाही म्हणून!"

"सांगितलं असतं तर कारखाना सोडून पळाली असतीस." क्वेईफांगने आणखी वाढलं. शिउजूने आणखी खाल्लं. नाक पुसत, हसत, वाटी चाटूनपुसून.

तेवढ्यात मिंगत्सुई धापा टाकत अंगणात आली. पलीकडच्या गल्लीतल्या तालिनची बायको. खालच्या मुलखातून, गोड खाणाऱ्या लोकांतून आलेली. तिरफळाचा वास आला तरी शिंकायची, म्हणून गावच्या बायका तिला 'साखरबाई' म्हणत.

"काकू, चला! त्यांचे पाय बर्फ झालेत. वैद्यबुवांनी काढा लिहून दिलाय, फूत्स, सुंठ, ज्येष्ठमध. फूत्स उकळतोय केव्हाचा. वैद्यबुवा दुसऱ्या गावच्या रोग्याकडे गेले आणि बजावून गेलेत, शिउजूकाकूंनी चाखल्याशिवाय थेंबही पाजायचा नाही."

शिउजू उठली आणि तशीच थांबली. तोंडात वीज अजून नाचत होती.

"वहिनी," क्वेईफांगचा चेहरा उतरला, "पाण्याने चूळ भर. मिठाने घास जीभ."

चूळ भरली. मीठ चोळलं. जीभ लाकूड ती लाकूडच.

"कारखान्यातल्या मुलींना बोलवू?" क्वेईफांगने विचारलं.

"आज सुट्टी. आताच्या मुली सुट्टीला पथ्य पाळत नाहीत, बाजारात झणझणीत शेवया ओरपत असतील." शिउजूने अंगणभर नजर फिरवली. साऱ्या गावात आज शुद्ध जीभ नव्हती. मग तिची नजर मिंगत्सुईवर थांबली. "तू काय खाल्लंस सकाळपासून?"

"काही नाही. घशाखाली उतरत नाही."

"आणि काल?"

"साधा भात." ती कसनुशी झाली. "तिरफळ मला सोसत नाही, माहीत आहे तुम्हाला. सगळे हसतात."

"आता कोणी हसलं तर मला सांग. चल."

तालिनच्या चुलीवर मातीचं भांडं रटरटत होतं. भांडं शिउजूचंच, मागच्या हिवाळ्यापासून गल्लीत फिरत होतं. आतल्या खोलीत तालिन निपचित पडला होता. शिउजूने त्याची पावलं हातात धरली आणि ती चुलीशी आली.

"एक थेंब, शेंड्यावर. गिळायचं नाही. थुंक, चूळ भर, आणि गप्प बस."

मिंगत्सुईने काडीवरचा थेंब जिभेला लावला. थोड्या वेळाने तिचा हात आपोआप तोंडाकडे गेला. "मुंग्या! काकू, मुंग्या!"

"विषाची भेट झाली. आता त्याला विसरू नकोस."

पाणी आटत होतं. मिंगत्सुईने गार पाण्याचा तांब्या उचलला तशी शिउजू ओरडली, "गार नको! उकळतं घाल. मधेच थंडी लागली की विष अंग चोरून बसतं."

दुसरा थेंब. मिंगत्सुईची नजर आतल्या खोलीकडे वळली. "गेल्या. मुंग्या गेल्या, काकू. पाजू या?"

शिउजू तिच्या तोंडाकडे बघत होती. "खोटं बोलतेस."

"नाही हो!"

"मग ओठ का चाटतेयस? जिथे सुन्न असतं तिथेच जीभ जाते."

मिंगत्सुईला रडू फुटलं. "ते गार पडतायत! किती वाट बघायची? तुम्हीच चाखा ना!"

"माझ्या तोंडाला आज सगळंच खरं आणि सगळंच खोटं." शिउजूने तिचे खांदे धरले आणि तिला फिरवून भिंतीकडे तोंड करून बसवलं. "तिकडे बघायचं नाही. त्याची बायको इथे नको आहे मला. फक्त जीभ हवी आहे."

क्वेईफांग आत जाऊन तालिनचे तळवे चोळत बसली. चुलीत काटक्या फुटत राहिल्या. उन्हाची तिरीप भिंतीवरून वर सरकली.

तिसरा थेंब.

"बोल."

"एक आहे. बारीकशी. डावीकडे."

"एक मुंगी म्हणजेसुद्धा मुंगी. थांबू."

या वेळी मिंगत्सुई रडली नाही. डोळे मिटून बसली. पुढचा थेंब शिउजूने स्वतः तिच्या जिभेवर ठेवला. मिंगत्सुईने थुंकून चूळ भरली आणि वाट पाहिली. मग हळूच म्हणाली, "काकू, उकडलेल्या रताळ्यासारखं लागतंय. मातकट. गोडसर."

"आणि?"

"आणि काही नाही. जीभ माझी आहे."

शिउजूच्या अंगावर काटा आला. हेच शब्द. उस्तादासमोर ती स्वतः हेच बोलली होती. आज दुसऱ्याच मुलखाच्या तोंडातून ते आले. ती भांड्यासमोर वाकली, देवाला वाकावं तशी. "सुंठ टाक. ज्येष्ठमध टाक."

काढा पाजून झाला. दिवेलागणीला क्वेईफांग आतून ओरडली, "अगं, याच्या पायाला घाम आलाय!" आणि तालिनचा घोगरा आवाज आला, "कोण गुदगुल्या करतंय?"

औषधाचं भांडं कोणी परत नेऊन देत नाही. दिलं तर दुखणंही परत दिलं म्हणतात. ज्याचं त्याने येऊन न्यायचं. म्हणून काही दिवसांनी शिउजूच गेली. तालिन उंबऱ्यावर बसून लसूण सोलत होता. मिंगत्सुईने शेवयांच्या दोन वाट्या आणल्या. एक फिकी, ती तिने स्वतःपुढे ओढली. दुसरीवर तिरफळाचा काळपट थर.

"शिंकली नाहीस का?" शिउजूने विचारलं.

"शिंकले की. तुमच्यासाठी सोसलं." मिंगत्सुई हसली. "कारखान्यातून मला निरोप आलाय. सोमवारपासून चाखायला या म्हणालेत."

शिउजूने घास घेतला, वीज नाचली, डोळ्यांत पाणी आलं. भांडं तिने नेलंच नाही; आता चाखणारी जीभ याच घरात होती.