बोक्याने पळवलेली कोळीण

माझ्या मुलीच्या फिल्ममध्ये मी बायकोचं लुगडं नेसून काम केलंय, आणि काम उत्तम झालं असं माझं स्पष्ट मत आहे.

आमच्या प्राचीला ॲनिमेशनच्या कॉलेजात जायचं होतं. प्रवेशासाठी स्वतः केलेली छोटी फिल्म पाठवायची, आणि हे सगळं घडलं त्याच संध्याकाळी मुदत संपत होती. तिनं मातीची कोळीण केली होती. आत तार, डोक्यावर टोपली. कोळणीचा पाय केसभर सरकवायचा, फोटो काढायचा, पुन्हा सरकवायचा. असे फोटो भराभर दाखवले की कोळीण चालते. रेवदंड्याच्या आमच्या ओटीवर पोरगी कितीतरी दिवस श्वास रोखून बसली होती.

टोपलीत मात्र तिनं कागदाचे कपटे भरलेले. माझं आयुष्य मासळीत गेलेलं, मला ते बघवेना. (मत कुणी विचारलं नव्हतं, पण आमच्याकडे विचारण्याची वाट बघत नाहीत.) ती जेवायला आत गेल्यावर मी कपटे काढून चिमूटभर सुका जवळा भरला. एकदम अस्सल! ती बाहेर आली तेव्हा शेजारचा बोका कोळणीला मानेला धरून कुंपणावरून उडी मारत होता. इतकी चपळ कोळीण फिल्ममध्ये कधीच नव्हती.

प्राची मटकन खाली बसली. "बाबा, तिला अजून घरी पोचायचं होतं. अर्ध्या वाटेत संपली माझी फिल्म."

 पण हात टेकणारा मी नव्हे. मातीची गेली तर गेली, हाडामासाची आहे की! दोरीवरचं बायकोचं लुगडं ओढलं, ऐटीत नेसलो, मिशी झाकायला पदर पुढे घेतला आणि घरातली मासळीची टोपली डोक्यावर ठेवून गल्लीत उभा राहिलो.

पाय जरा उचलायचा, थांबायचं, फोटो. हलायचं नाही, बोलायचं नाही. शेजारचे राघूकाका आले आणि काय करतोस म्हणून विचारू लागले. मी एका पायावर, गप्प. त्यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली आणि माझ्या थोरल्या भावाला घेऊन आले. भाऊ देवीचा अंगारा घेऊनच आला. कुणी म्हणे अंगात आलंय, कुणी म्हणे अंगावरून वारं गेलंय, अलिबागच्या दवाखान्यात हलवा. रिक्षासुद्धा दारात आली.

"हात लावू नका त्यांना," प्राची ओरडली, "नाहीतर सगळं पहिल्यापासून करावं लागेल!"

यावर दोघीतिघींनी मला हात जोडले.

तेवढ्यात बायको बाजारातून आली. तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि शांतपणे सगळ्यांना सांगितलं, "त्यांना काय झालेलं न्हाय, ते मूळचेच तसे हायेत. लुगडं तेवढं माझं नवं हाय, ते सोडवा."

मी दारात शेवटचं पाऊल टाकलं, मगच लुगडं सोडलं. फिल्म वेळेत गेली. प्राचीला मुलाखतीला बोलावलं, तेव्हा मीही तिच्याबरोबर आत घुसलो. (मुख्य कलाकार या नात्याने.)

मुलाखत घेणाऱ्या सरांना कोळीण फार आवडली. प्रवेश दिल्याचंही त्यांनी तिथंच सांगितलं. मग म्हणाले, "मातीची बाई अगदी जिवंत वाटते. पण पुढे ती मोठी बाहुली येते ना, तिच्यात काही जीव नाही. कशाची केली होतीस?"

प्राचीनं एकदा माझ्याकडे पाहिलं.

"घाई होती, सर," ती म्हणाली. "घरात जे पडून होतं, ते वापरलं."