ओट्यासमोरून विलायती गाडी

ती गाडी रस्त्यासाठी बनलेलीच नव्हती. विलायतेत चिखलातल्या आणि टेकड्यांवरच्या शर्यतींसाठी अशा गाड्या बनवत, स्क्रॅम्बलर म्हणत त्यांना. रुंद हँडल, खोल खाचांचे टायर, इंजिनच्या पोटाखाली लोखंडी पत्रा, आणि सायलेन्सरच्या दोन्ही नळ्या खालून न जाता डाव्या बाजूने पार मांडीच्या उंचीवरून मागे गेलेल्या, नाल्याचं पाणी आत शिरू नये म्हणून. दिवा नव्हता, हॉर्न नव्हता. कोळशाच्या खाणीवरच्या कोण्या गोऱ्या साहेबाने ती आणली होती म्हणे. साहेब गेला, गाडी राहिली, आणि या हातातून त्या हातात फिरत ऐंशी सालानंतर कधीतरी माझ्या गळ्यात पडली. मी तेव्हा बेज्जूरकडच्या जंगलातल्या एका शाळेवर नवीन मास्तर होतो. पगार मास्तराचा अन् शौक नवाबाचा, असं माझी माय म्हणायची, आणि ते काही खोटं नव्हतं.

आदिलाबादच्या एका मिस्त्रीने तिला बुलेटचा दिवा, हॉर्न आणि नंबरप्लेट लावून रस्त्यावर चालण्याजोगी केली. स्वभाव मात्र तोच राहिला. सकाळी कार्बोरेटरवरचं बारीक बटण दाबून धरायचं, पेट्रोल बोटावर ओघळलं की मग किक मारायची. घाई केली तर किक उलटी येऊन पोटरीवर बसे. आणि तापलेली असताना बंद केली की खेळ खलास. निवल्याशिवाय ती कोणाच्या बापाला चालू होत नसे. तिचे सुटे भाग कुठेच मिळायचे नाहीत. अर्धे मिस्त्री घडवायचा, अर्धे मी नागपूरच्या भंगारातून शोधून आणायचो. मी स्वतः तिला रोज शिव्या घालत असे, पण दुसऱ्या कोणी नाव ठेवलं की माझं डोकं फिरायचं.

सुटी लागली की मी बेज्जूरहून निघे. आसिफाबाद, मग केरामेरीचा घाट, उटनूर, आणि पुढे आदिलाबादवरून जैनथकडे, पैनगंगेच्या अंगाला आमचं गाव. घाटात चढताना ती खरी खुलायची. सागाची मोठाली पानं रस्त्यावर पडलेली असत, समोरून कापसाच्या गाड्या येत, बैल बुजू नयेत म्हणून मी बाजूला थांबून इंजिन नुसतं गुरगुरत ठेवी. बंद करण्याची सोय नव्हतीच. त्या रस्त्यावर मी कोणाचा कोण, हे कोणी विचारत नव्हतं. तेवढ्या वेळासाठी तरी ती गाडी मला आवडायची, आणि मीही मला आवडायचो.

पहिल्यांदा ती घेऊन घरी गेलो तेव्हा माझा बा बाहेर आला. त्याने टाकीवरून हात फिरवला, चाकं पाहिली, सीट दाबून पाहिली. मग हळूच म्हणाला, "गाडी चांगली हाय. पन पुढच्या बारीले ओट्यापाशी बंद करत जाय. ढकलत आन."

ओटा म्हणजे देशमुखाच्या घराचा. आमची वस्ती गावाच्या मागे, आणि फाट्याकडे जायची एकुलती वाट त्या ओट्यासमोरून. निजामाच्या काळापासूनचा रिवाज असा, की आमच्या वस्तीतला माणूस तिथून जाताना वाहणा हातात घेणार. बैलगाडीत असला तर खाली उतरून चालणार. सायकल असली तर ढकलत नेणार. हा हुकूम कधी कोणी काढला, ते कोणालाच सांगता आलं नसतं. आणि माझी गाडी तर अशी, की ती येतेय हे तीन शेतं आधी कळायचं.

मी तिथे कधीच उतरलो नाही. उलट ओटा आला की मूठ जरा जास्तच पिळायचो. म्हातारा देशमुख खाटेवरून नुसता पाहायचा. काळ बदलला होता, आणि मी सरकारी मास्तर होतो.

बा भित्रा होता असं कोणी समजू नये. आमच्या लोकांनी बुद्धाचा धम्म घेतला, त्यानंतर मेलेली ढोरं ओढणं आमच्या वस्तीत पहिल्यांदा त्याने बंद केलं. तहसील कचेरीत पेशकारासमोर उभं राहून "आमी नाई वढत आता" असं सांगून आला होता, आणि पुढे वर्षभर त्याला गावात कोणी काम दिलं नाही. मला मारून मुटकून शाळेत घातलं ते त्यानेच. हाच माणूस ओट्यासमोर आला की चपला काढून हातात घ्यायचा. मला ते बघवत नसे. माझ्या बाने एकदा, फक्त एकदा, माझ्या मागे बसून त्या ओट्यासमोरून जावं, याहून मोठी इच्छा मला त्या काळात नव्हती. लग्नाची नव्हती, बदलीचीही नव्हती.

मायेला मी एकदाच विचारलं, बसतेस का गाडीवर. जैनथचा बाजार होता, ती पिशवी घेऊन तयारच. आपल्याकडे बाया बसतात तशी ती डावीकडे पाय सोडून बसली, आणि गल्ली संपायच्या आत नळीचा चटका लुगड्यातून पोटरीला बसला. दुसरी असती तर उतरली असती. ही उजवीकडे पाय सोडून बसली. साऱ्या तालुक्यात तसं बसणारी ती एकटीच असेल. गंमत अशी, की फाट्याकडे जाताना ओटा उजव्या हाताला येतो. त्यामुळे माझी माय त्या ओट्याकडे तोंड करून, अगदी समोरासमोर बघत गेली. पदर सारखा केला, पण मान खाली घातली नाही. संध्याकाळी बाला म्हणाली, "मी त पाहून आली सारं. दोन खाटा अन् एक तांब्या हाय तिथं. त्याले भिऊन राह्यला तू?"

बा हसला. हसून विषय संपवणं त्याला चांगलं जमायचं.

गाडीवर बसायला त्याची ना नव्हती, हेच तर दुःख होतं. तो फाट्यापर्यंत चालत यायचा, तिथे माझ्या मागे पोरासारखी टांग टाकून बसायचा आणि खूश व्हायचा. मी त्याला आदिलाबादला नेलं, एकदा निर्मलला लाकडी खेळणी करतात ते पाहायला नेलं. वाऱ्याने त्याचं धोतर फडफडायचं आणि तो माझ्या कानाशी येऊन म्हणायचा, अजून पळव. परत येताना फाटा आला की खांद्यावर दोन बोटं टेकवायचा. मी थांबायचो. तो उतरून म्हणायचा, तू हो पुढं. मी रागाने गाडी अशी काढायचो की खडे उडायचे. मग घरी त्याची वाट पाहत बसायचो, तो येईपर्यंत जेवायचो नाही.

नव्वदनंतर माझी बदली जैनथजवळच झाली. तोवर म्हातारा देशमुख वारला होता, मुलं हैदराबादला गेली होती, घराला कुलूप होतं. ओट्यावर बकऱ्या बसायच्या. आमच्या वस्तीतल्या पोरांच्या मोपेडी तिथून दिवसभर जायच्या, कोणाला काही आठवतसुद्धा नव्हतं. बा मात्र चपला हातात घेऊनच जायचा. एकदा मी फार बोललो. म्हटलं, बकऱ्यांची इज्जत करतोस का. बोलून झाल्यावर जीभ चावली, पण बाण सुटला होता. तो नुसता खाली बघत बसला.

त्यानंतरच्या एका पावसाळ्यात त्याची छाती भरली. झड लागली होती, दिवसचे दिवस उघडीप नाही. आमच्याकडची काळी माती अशा वेळी बैलाचा पाय सोडत नाही. बस फाट्यावर येऊन परत जायची, ऑटो गावात शिरायला तयार नव्हते, बैलगाडी नाल्यात रुतली असती. बाला श्वास पुरत नव्हता, ओठ काळे पडले होते. चिखलासाठी जन्मलेली एकच गाडी गावात होती. मी ती काढली. मायेने बाला माझ्या मागे बसवलं आणि आपल्या जुन्या लुगड्याने त्याला माझ्या कमरेशी घट्ट बांधलं. त्याचं डोकं माझ्या पाठीवर, अंग तापलेलं. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते असं व्हायचं होतं. लाज वाटते तरी सांगतो, मनात आलंच, की आज बा इथून बसून जाणार.

मागचं चाक घसरत होतं, पण ती ओढत होती. ओटा दिसला. आणि खांद्यावर दोन बोटं टेकली.

मी थांबलो नाही. बोटं पुन्हा टेकली. मग त्याचा हात माझ्या पोटावरच्या गाठीशी आला आणि ती सोडायला चाचपू लागला. हाताला जोर नव्हता, नुसती चाळवाचाळव. तो उठायचा प्रयत्न करत होता, गाडी डोलायला लागली. "सोड," तो म्हणाला. "मले उतरू दे."

मी गाडी बंद केली. गाठ सोडली. त्याच्या पायात वाहणा नव्हत्याच, तरी त्याने खाली वाकून पायांकडे पाहिलं. मग एका हाताने सीट धरून तो चालू लागला, आणि मी, जो कधी तिथे उतरलो नव्हतो, ती जड गाडी चिखलातून त्याच्या चालीने ढकलत नेली. ओट्यावर भिजलेल्या बकऱ्या होत्या. बाकी कोणी नव्हतं. मी रडत होतो आणि पाऊस होता म्हणून बरं झालं.

ओटा मागे पडल्यावर मी त्याला एका दगडावर बसवलं. गाडी अर्थातच चालू होईना. मी किकवर किक मारत होतो, किक उलटी येत होती, आणि बा दगडावर बसून तोंडाने श्वास ओढत माझ्याकडे पाहत होता. त्याच्या नजरेत माफी होती, आणि ती मला नको होती. मग केव्हातरी ती पेटली. त्याला पुन्हा बांधलं आणि दवाखाना गाठला.

सरकारी दवाखान्यात ऑक्सिजन लावल्यावर त्याला जरा आराम पडला. संध्याकाळी बोलण्याइतका झाला. डॉक्टरांनी बोलू देऊ नका म्हटलं होतं, पण मला राहवलं नाही. मी विचारलं, "बा, तिथं कोनीच नाई राह्यत आता. तुले माईत नाई का?"

"माईत हाय."

"मंग काऊन उतरला?"

तो म्हणाला, "मी कुठी उतरलो रे पोरा. पाय उतरले."

उशीर झाला होता का, वाटेत तो वेळ गेला नसता तर काही वेगळं झालं असतं का, हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, छाती आधीच पूर्ण भरली होती. मी ते मान्य केलं आहे. रोजच ते मान्य होतं असं नाही.

तिसऱ्या दिवशी तो गेला. तोवर पाऊस थांबून वाट थोडी सुकून आवळली होती, एक भाड्याची जीप गावात यायला तयार झाली. ड्रायव्हर मंचेरियालकडचा, तेलुगू बोलणारा, आमच्या गावात कधी न आलेला. बाला मागे आडवं ठेवलं, माय त्याच्या डोक्याशी बसली. मी गाडीवर मागून निघालो. फाट्यावर जीप वळली तेव्हा मला वाटलं, हात करून थांबवावी. का थांबवावी आणि थांबवून काय करावं, ते सुचलं नाही. ड्रायव्हरला कशाचीच कल्पना नव्हती. त्याने दुसऱ्या गियरात, चिखल उडवत, जीप ओट्यासमोरून सरळ पुढे काढली. माझा बा जन्मात पहिल्यांदा तिथून न उतरता गेला.